सिटी व्हीटेकचं इंजिन नवीन बांधलं, रनिंग कशी काढू?

काळीमाती_दारव्हा
राम राम मंडळी. २००२ ची होंडा सिटी हाय माझ्याकडे, तीच १.५ व्हीटेकवाली, १०६ घोड्यांची. घेतली तेव्हापासूनच तेल पिऊन राहिली होती, नागपूरला जाऊन येईस्तोवर अर्धा लिटर गायब, आन सकाळी सेल मारला का अंगणात असा निळा धूर का आई म्हणे बरं झालं, डास तरी पळाले. कापसाचे पैसे आले तसं इंजिन उतरवलं. अमरावतीले बोअर केलं, पाव मिलिमीटर मोठे म्हणजे ओव्हरसाईज पिस्टन, रिंगा, बेअरिंगचा सेट, हेडचं सर्फेसिंग, व्हॉल्व्ह सील, ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, सगळं नवीन. घरचे म्हणतात एवढ्यात एक बैलजोडी आली असती.

आता इंजिन गाडीत बसलं, पण चालू नाई केलं अजून, रनिंग म्हणजे सुरुवातीले रुळवून घेणं बाकी हाय. मिस्त्री म्हणतो दिवसभर अंगणात स्लोवर, म्हणजे पेडल न देता उभीच, चालू ठेव, मंग २००० किलोमीटर ६० च्या वर जाऊच नको. पुण्याचा चुलतभाऊ म्हणते पहिल्या दिवसापासून दाबून पळव. कोणाचं ऐकू? तेल घरी सिंथेटिकच पडलं हाय, तेच टाकू का? आन इथं पारा ४५ ले टेकला, दुपारी काढावी का नाई गाडी?

संत्राबाग
भाऊ मिस्त्रीचं ऐका. मी ट्रॅक्टर दोनदा बांधला, दोन्ही वेळा चार घंटे उभा चालू ठेवला आन दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटरले जुंपला. सात वर्षं झाली, धुराचं नाव नाई. नवीन इंजिन म्हणजे नवीन सून, हळूहळूच रुळते.

बोअरगेज
काका, सुनेचं माहीत नाही, पण रिंगांचं उलटं असतं. तुमचा ट्रॅक्टर चार घंटे उभा राहून नाही सुधरला, दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटर ओढला म्हणून सुधरला. लोड आला ना त्याच्यावर.

दारव्हावाले, नीट सांगतो. बोअर केल्यावर होनिंगचा दगड फिरवतात, त्यानं सिलेंडरच्या भिंतीवर आडव्या-तिडव्या बारीक रेघा पडतात, बोट फिरवलं तर थोडं खरखरीत लागते. या रेघांची टोकं आणि रिंगची कड एकमेकांवर घासून बसली पाहिजे, तेच खरं रनिंग. आता रिंग भिंतीवर दाबते कोण? तिचा स्वतःचा ताण अगदी कमी असतो, खरा दाब येतो जळालेल्या गॅसचा, तो रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. स्लोवर गॅसला जोरच नसतो, रिंग नुसती तेलावर घसरते, आणि तिकडे ती टोकं तशीच गुळगुळीत होऊन भिंतीला चकाकी धरते. एकदा चकाकी धरली का रिंग बसत नाही, मग २००० काय २०००० किलोमीटर हळू चालव, तेल खाणारच. इंजिन पुन्हा उतरवा, पुन्हा होनिंग करा.

सेल मारायच्या आधी हे कर. फिल्टरमध्ये तेल भरून लाव. चारही प्लग काढ, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढ आणि दहा-दहा सेकंद थांबून थांबून सेल मार, तेलाचा दिवा विझेपर्यंत. बेअरिंगला रनिंग-बिनिंग काही नसते बरं का, त्याला पहिल्या फेऱ्यापासून तेल पाहिजे, कोरडं फिरलं तर तिथंच संपलं. मग चालू कर, दोनेक हजार आरपीएमवर पाच-सात मिनिटं ठेव, तेवढ्यात तेल कुठून गळते का, पाणी खाली जाते का, फॅन लागतो का पाहून घे. हीटर फुल ठेव म्हणजे पाण्यातली हवा निघते, ४५ डिग्रीत घाम निघेल पण हवा अडकून हेड तापलं तर त्याहून जास्त निघेल. आणि लगेच रोडवर.

तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारापासून साडेचार हजारापर्यंत अर्धा-पाऊण पेडल देऊन ओढ, मग पेडल पूर्ण सोड पण गिअर काढू नको, क्लच दाबू नको, दोन हजारावर येऊ दे. असं दहा-बारा वेळा. पेडल सोडल्यावर सिलेंडरमध्ये व्हॅक्यूम होतो, तेल वर खेचलं जाते आणि घासून निघालेली पावडर धुऊन नेते. पहिल्या ३०-४० किलोमीटरमध्येच बरंच काम होते. घरी येऊन गरम असतानाच तेल आणि फिल्टर दोन्ही बदल.

सिंथेटिक सध्या कपाटात ठेव. साधं मिनरल टाक, पुन्हा ५०० ला बदल, १५०० नंतर सिंथेटिक. ५०० पर्यंत पाच हजार आरपीएमच्या वर नको, त्यानंतर थोडं थोडं वाढव. चुलतभावाला सांग लिमिटरवर, म्हणजे आरपीएमच्या शेवटच्या टोकाला, नाचवणं वेगळं आणि लोड देणं वेगळं. तसंच पाचव्या गिअरमध्ये ४० ने घुर्र घुर्र ओढणंही नको, ते तर सगळ्यात वाईट.

काळीमाती_दारव्हा
बाप रे. म्हणजे मिस्त्रीचं ऐकलं असतं तर गेलं होतं सगळं. कारंज्यावरून समृद्धीले चढवू का मंग, रोड रिकामा असते, एका दमात होऊन जाईल.

पोट्टा_परतवाड्याचा
समृद्धी नको बे! तिथं तासभर एकाच स्पीडनं काटा चिकटून राहते, रनिंगले तेच नाई पाहिजे, कमीजास्त झालं पाहिजे. इकडं असता तर चिखलदऱ्याच्या घाटात नेली असती, चढताना लोड आन उतरताना इंजिन ब्रेक, आयतंच. पण पहिल्याच दिवशी उन्हाळ्यात घाट नको, रेडिएटरवर भरोसा बसल्यावर. तुमचा यवतमाळ रोड पहाटे पाच-साडेपाचले बरा, दुपारी नेऊच नका.

आन एक कोणी विचारलं नाई. एअर फिल्टर कोणता हाय? ते मशरूमसारखं उघडं तर नाई ना?

काळीमाती_दारव्हा
हाव, तेच हाय, लाल. आवाज मस्त येते भौ.

पोट्टा_परतवाड्याचा
काढ ते आजच्या आज. आपल्याकडं उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा किती बारीक असते माहीत हाय ना, नांगरटी झालेल्या, वावटळी उठतात, शेताच्या रस्त्यानं ट्रॅक्टरमागं एक किलोमीटर चाललं तरी गाडी राखाडी होते. ती माती उघड्या फिल्टरमधून गेली का नव्या रिंगांले पॉलिश पेपरच लागला समज. मले तर वाटते पहिल्या मालकाचं इंजिन यानंच गेलं. वरून बॉनेटमधली गरम हवा ओढते ते, म्हणजे ताकद वाढत नाई, नुसता आवाज वाढते. कंपनीचा डबा आन कागदी फिल्टर लाव, क्लिपा नीट बसल्या का पाह्य.

संत्राबाग
रोटाव्हेटरची गोष्ट पटली बरं बोअरगेज भाऊ. मिस्त्रीले नाई सांगणार मी, तो रागावते.

काळीमाती_दारव्हा
झालं! डबा बसवला. दिवा चौथ्या सेलले विझला. पहाटे पाचले काढली, यवतमाळ रोडवर बारा वेळा ओढली-सोडली, मागून दुधवाला येत होता त्याले वाटलं गाडी बंद पडून राहिली, बिचारा थांबून विचारत होता. टेम्परेचर मधातच राहिलं. घरी येऊन तेल काढलं तर त्यात चंदेरी चमक दिसते, उन्हात धरलं का जास्तच. घाबरू का?

बोअरगेज
बोटात घेऊन चोळ. पीठासारखं लागते का कण टोचतात? आणि स्पीकरचा लोहचुंबक फिरव.

काळीमाती_दारव्हा
पीठासारखंच. चुंबकाले काळी साय धरली. टोचत काई नाई.

बोअरगेज
मग रिंगा आणि भिंतीचंच आहे, पहिल्या तेलात असतेच. तांबूस पातळ पापुद्रे, चुंबकाला न चिकटणारे, असे दिसले असते तर बेअरिंग समजून तिथंच थांबवलं असतं. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पण एकदा उघडून पाहा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ५०० ला तपास, इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी असलेली बरी. तेलाची काडी रोज पाहत जा, सुरुवातीला थोडं खाईल.

काळीमाती_दारव्हा
बरं भाऊ. सकाळी सेल मारला तेव्हा धूर नाई आला, आई विचारून राहिली डास काऊन चावून राहिले आज.