कारण, म्हणून असं काही नसेल तर दोन वाक्यांचं नातं कसं ठरवायचं? (आरएसटी)

हळदपेठ, सांगली
मी मराठीत एमए करतेय, प्रोजेक्टला पुराच्या काळातल्या लेखी सूचना घेतल्यात आणि त्यांना आरएसटी म्हणजे ऱ्हेटॉरिकल स्ट्रक्चर थिअरी (मजकुरातली वाक्यं एकमेकांशी कुठल्या नात्यानं जोडलेली असतात ते सांगणारी) लावून बघतेय. 'म्हणून', 'जरी-तरी' असलं की पटकन कळतं, पण सूचनांत ते सापडतच नाहीत. मी बनवलेला नमुना बघा: 'कोयनेतून विसर्ग वाढवला आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी आणखी वाढणार आहे. सखल भागात राहणाऱ्या नागरिकांनी आजच स्थलांतर करावे.' पहिल्या दोन वाक्यांत मी कॉज (कारण) हे नातं टाकलं, मैत्रीण एव्हिडन्सवर (पुरावा) अडून बसलीय. कोण बरोबर? आणि 'राहणाऱ्या' हे वेगळं युनिट, म्हणजे नातं लावायचा सुटा तुकडा, धरायचं का?

कृष्णाकाठ
'राहणाऱ्या' तोडू नका. कुठले नागरिक एवढंच ते सांगतं, असे भाग मूळ वाक्यातच ठेवायचे हे ही थिअरी मांडणाऱ्या मॅन आणि थॉम्प्सननी 1988 च्या लेखातच म्हटलंय.
दुसरं म्हणजे तुम्ही वरून खाली निघालाय, आधी न्यूक्लिअस, म्हणजे मुख्य भाग, शोधा ना. तिसरं वाक्य काढून बघा, पाणी वाढतंय हे कळेल पण मग करायचं काय? उलट पहिली दोन काढली तरी 'आजच स्थलांतर करावे' ही सूचना उभी राहते, फक्त लोक ऐकतीलच असं नाही. म्हणजे तिसरं न्यूक्लिअस, पहिली दोन मिळून त्याचं सॅटेलाइट (त्याला आधार देणारा भाग) आणि नातं मोटिव्हेशन, कारण वाचणाऱ्याला उठून निघावंसं वाटावं म्हणूनच ती लिहिलीत.

साताऱ्याची ताई
वरचं पटलं. कॉज की एव्हिडन्स यात मात्र दोघीही बरोबर आहात, आणि मला हाच या थिअरीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. विसर्गामुळे पाणी वाढतं ही जगातली गोष्ट झाली, आणि पाणी वाढणार यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून विसर्गाचं सांगितलं हा लिहिणाऱ्याचा हेतू झाला. मूर आणि पोलॅक या संशोधकांनी 1992 मध्ये नेमकं हेच दाखवलं, की एकाच जोडीत दोन्ही पातळ्यांची नाती एकाच वेळी असू शकतात आणि आरएसटी मात्र एकच निवडायला लावते. मी असते तर सूचनांसाठी एव्हिडन्स घेतलं असतं, कारण ज्याला घर सोडायचंय त्याला आधी खात्री पाहिजे, आणि कॉजसाठी शेजारी वेगळा कॉलम ठेवला असता.

हळदपेठ, सांगली
कॉलमचं फारच आवडलं! पण मग 'सामान घेऊन शाळेत जावे' यातलं 'घेऊन' पण तोडायचं का हो?

कृष्णाकाठ
'-ऊन'चं आपल्यालाच ठरवावं लागतं. इंग्रजी आरएसटी ट्रीबँकमध्ये (अशी नाती लावून ठेवलेल्या मजकुरांचा संग्रह) वॉल स्ट्रीट जर्नलचे 385 लेख आहेत आणि तो बनवणाऱ्यांनी सुद्धा कुठं तोडायचं याचं मोठं मॅन्युअल केलं होतं. तुम्ही दोघी तुमचा नियम आधी लिहून काढा, मग एकमेकींचं न बघता तोच मजकूर टॅग करा, आणि जिथं जिथं जुळत नाही त्या जागा इथं टाका, बघू.