नांदूर मध्यमेश्वरला दिसलेलं हे बदक कोणतं? (गाल पांढरट, डोक्यावर टोपी)

पाणथळवेडा
रविवारी नांदूर मध्यमेश्वरला (निफाड तालुक्यातलं पक्षी अभयारण्य) गेलो होतो, चापडगावच्या मनोऱ्यावर सात वाजताच जाऊन बसलो पण धुकं साडेआठपर्यंत काही हललं नाही. मग नेहमीची मंडळी दिसली, थापट्या, तलवार बदकं, हळदीकुंकू, आणि वारकऱ्यांची (कूट, ते काळे पाणपक्षी) तर दिंडीच. त्या वारकऱ्यांच्या घोळक्यात एक बदक वेगळंच. अंग मातकट तपकिरी, गडद टोपी डोळ्यापर्यंत ओढलेली (आमचे आजोबा थंडीत लोकरीची ओढायचे तश्शी) आणि खाली गाल न गळा एकदम फिका, राखाडी-पांढरा. फोटो लांबून काढलेत त्यामुळे यथातथाच. कोण असेल?

रानवाटा
अडई. टोपी असते तिला. आमच्या तळ्यावर ढिगाने आहेत.

पाणथळवेडा
अडई मला माहितीये हो, तिचा रंग तांबूस असतो आणि शिट्टी मारल्याशिवाय उडत नाही. हे अगदी गप्प होतं. आणि वारकऱ्यांपेक्षा चांगलंच मोठं दिसत होतं.

गोदाकाठची
हे मोठं दिसत होतं तेच महत्त्वाचं. अडई वारकऱ्याएवढीच भरते, ४० सेंमीच्या आसपास, म्हणजे ती बाद. मला तरी ही मोठ्या लालसरीची मादी वाटतेय. नराचं डोकं केशरी, चोच लालभडक, त्याला कोणीही ओळखतं, मादी मात्र अशी साधी असल्यामुळे लोक पुढे सरकतात. दोन गोष्टी बघा. चोच काळपट आणि टोकाशी गुलाबी पट्टा आहे का? आणि उडताना पंखावर रुंद पांढरी पट्टी दिसली का? उडतानाचा फोटो असेल तर कितीही हललेला असू दे, टाका.

रानवाटा
बरं, अडई मागे घेतो 🙏 पण कॉमन स्कोटरच्या मादीलाही अशीच टोपी आणि फिके गाल असतात, तसं असेल तर पेपरात येईल!

गोदाकाठची
दादा, स्कोटर थंडीत समुद्रावर राहणारं बदक, तिला निफाड तालुक्यात कशाला आणताय. शिवाय तिच्या पंखात पांढरं काहीच नसतं, त्यामुळे उडतानाच्या एका फोटोवर निकाल लागेल.

पाणथळवेडा
ताई, गंमत झाली. मधेच मार्श हॅरियर (शिकारी पक्षी) आला आणि सगळं पाणी उठलं, तेव्हा दाबत सुटलो होतो, पण सगळे फोटो हललेत म्हणून घरी येऊन डिलीट केले. आत्ता रिसायकल बिनमधून काढले. एकात ही पाण्यावर धावत उठतेय आणि पंखाच्या मागच्या कडेला चुन्याचं बोट ओढल्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी पट्टी! चोचीचं टोकही झूम केल्यावर गुलाबीसर दिसतंय.

गोदाकाठची
मग झालं, मोठी लालसरी, मादीच. नर असता तर साध्या पिसांतही चोच न डोळा लाल दिसला असता. ई-बर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) टाका, हा हललेला फोटोही जोडा. आणि मागे नर होता का बघा, बरेचदा जोडीने असतात.

पाणथळवेडा
आत्ता ओरिजिनल फोटो बघितला. मी इथे क्रॉप करून टाकलाय ना, त्यात उजवीकडे गवतापाशी एक केशरी डोकं होतं, तेवढंच नेमकं कापलं गेलं 🤦

रानवाटा
😂😂 टाका आधी तो!