मदत हवी आहे: कित्तूरचे संग्रहालय व्हीलचेअरवरून पाहता येईल का?

कित्तूरच्या किल्ल्यातील राणी चन्नम्मा संग्रहालय अलीकडे पाहून आलेल्यांकडून मला नेमकी माहिती हवी आहे. माझी मावशी खानापूर तालुक्यात इतिहासाची शिक्षिका होती. काकतीच्या देसायांची लेक कित्तूरची राणी कशी झाली आणि १८२४ च्या ऑक्टोबरात धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या लढाईत कसा पडला, हे तिने कितीतरी वर्गांना शिकवले; मात्र संग्रहालय पाहायचे राहून गेले. आता खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती व्हीलचेअर वापरते.

बेळगावहून महामार्गाने तासाभरात पोहोचता येते, त्यामुळे प्रवासाची चिंता नाही. प्रश्न आहे तो गाडीतून उतरल्यानंतरचा. 'रॅम्प आहे' एवढ्या उत्तरावर विसंबून आम्ही मागे एका ठिकाणी गेलो होतो. तिथला उतार इतका उभा होता की कर्मचाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून नेण्याची तयारी दाखवली. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण तिला ते रुचले नाही आणि ती अंगणातच बसून राहिली. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, असे प्रमाण सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतच दिले आहे, आणि सार्वजनिक इमारती दिव्यांगांसाठी सुगम असाव्यात हे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. तरीही प्रत्यक्षात काय आहे, हे पाहून आलेल्यालाच सांगता येते.

म्हणून विचारतो: दाराशी किती पायऱ्या आहेत आणि उंबरा किती उंच आहे? तिच्या खुर्चीची पुढची चाके लहान असल्याने दगडी फरशीच्या सांध्यात किंवा खडीत ती अडकतात. अशा वेळी खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर ओढावी लागते, आणि तेवढी जागा तरी हवी. वाहनतळापासून दारापर्यंतची आणि तिथून वाड्याच्या अवशेषांपर्यंतची वाट फरसबंद आहे का? वाड्याच्या चौथऱ्यावर चढता आले नाही तरी चालेल, तो जवळून दिसावा एवढीच तिची इच्छा आहे. खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आवारात आहे का? तिला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. फलकांवर मराठी नसेल तर मी आधीच टिपणे काढून ठेवीन.

ऑक्टोबरातील कित्तूर उत्सवाची गर्दी टाळून आम्ही दिवाळीनंतर, सकाळच्या वेळी जाऊ इच्छितो. प्रवेशद्वाराचा, पायऱ्या स्पष्ट दिसतील असा फोटो कोणाकडे असल्यास कृपया इथे टाकावा.