मार्शल लॉवरची कथा: हुतात्म्यांच्या तोंडी आपले संवाद घालावेत का?

बाळीवेशीतला:
1930च्या सोलापूरवर, मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा लागलेल्या शहरावर, कथा लिहायची तर माझे दोन नियम आहेत. कागदोपत्री नोंदलेलं, घडलेलं हलवायचं नाही. आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांच्या तोंडी आपण रचलेली वाक्यं घालायची नाहीत. 12 जानेवारी 1931ला येरवड्यात फाशी गेलेली माणसं आहेत ती. त्यांच्या शेवटच्या रात्रीचा संवाद आपण रंगवला की तो पुण्यतिथीच्या भाषणात जातो, तिथून शाळेच्या फळ्यावर. मग तो पुसायचा कोणी? नायक काल्पनिक घ्या. जुन्या मिलमध्ये कामाला जाणारी एखादी बाई घ्या, जिचा नवरा 8 मेच्या पोलिसांच्या गोळीबारानंतर घरी आलाच नाही. तिच्या मनातलं हवं तेवढं रचा.

माळढोक:
अजिबात पटलं नाही. कथा म्हणजे प्रबंध नव्हे. चौघांना मुकं ठेवलंत तर ते पुतळेच राहतील, वर्षातून एकदा हार घालण्यापुरते. कुर्बान हुसेन ऐन तरुण होता. त्याला भीती वाटली असेल, घर आठवलं असेल. हे लिहायचं नाही? आणि कागद कागद म्हणता, ते लिहिले कोणी? खटला सरकारचा, नोंदी सरकारच्या. तेवढंच प्रमाण धरलं तर ज्यांनी फास आवळला त्यांचाच शब्द शेवटचा ठरतो.

पूर्वभाग:
संवादांचं बाजूला ठेवा, आधी तपशिलाचं बोलू. मागे हौशी लेखकांच्या कथा वाचायला आल्या होत्या. एकीत 12 मेला मार्शल लॉ लागतो आणि फौज ‘अमावस्येच्या काळोखात’ शहरात शिरते. पंचांग उघडायचं की हो! 28 एप्रिल 1930ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावस्या तेव्हा. 12 मेला वैशाखी पौर्णिमा. आता हे कथेत आणून बघा. मे महिन्याचा उकाडा, अख्खं सोलापूर माळवदावर झोपणारं, वर टिपूर चांदणं आणि खाली गल्लीत बंदुका. त्या रात्री पोरांना घेऊन वर झोपायचं की खाली कोंडून घ्यायचं? बाईला हा प्रश्न पडला की कथा सुरू झाली. बकरी ईदही त्याच आठवड्यातली. 9 ते 11 मे पोलीस मागे घेतलेले, शहराची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक बघताहेत, अशात ईद कशी झाली असेल? अभ्यासानं कथा जड होते म्हणणाऱ्यांनी एवढंच करून बघावं.

हातमाग:
+1. आणखी एक. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरात 1930 साली यंत्रमागाचा खडखडाट ऐकू आला की मी तिथंच वाचणं सोडतो. घरोघरी हातमाग होते, त्यांचा आवाजच वेगळा. आणि सगळी पात्रं पुण्याची मराठी का बोलतात? आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडं उर्दू. बातमी एका घरातून दुसऱ्या घरात जाताना भाषा बदलत जाते. हे कुठल्याही दप्तरात लिहिलेलं नसतं, म्हाताऱ्यांजवळ बसावं लागतं.

माळढोक:
पंचांगाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, चांदणं उसनं घेतो. पण माझा प्रश्न तसाच आहे. तारखा, तिथ्या, माग सगळं चोख ठेवूनही येरवड्याच्या कोठडीत काय झालं ते कोणीतरी कल्पनेनंच लिहिणार. अभ्यास दारापर्यंत नेतो, आत लेखकालाच जावं लागतं.

बाळीवेशीतला:
दाराशीच थांबा ना! बाहेर पहारेकरी उभा करा. त्याला आतलं बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. तो काय समजतो, काय समजायचं टाळतो, यावर अख्खी कथा उभी राहते. मार्शल लॉत साधी गांधी टोपी घालणंही गुन्हा होता. ज्वारीच्या कणगीत नवऱ्याची टोपी खुपसणारी बाई लिहा. तिच्या तोंडी पानभर संवाद घाला, माझी हरकत नाही. कारण ती आपली आहे. ते चौघे आपल्या मालकीचे नाहीत.

माळढोक:
पहारेकरी चांगला आहे, पण तो तुमच्या कथेत. मी चौघांना बोलतं करणार आणि कथेखाली स्वच्छ लिहिणार की संवाद माझे आहेत, तारखा खऱ्या आहेत.

बाळीवेशीतला:
ती टीप छापील पानावरच राहते. व्हॉट्सॲपवर फिरतो तो फक्त संवाद, तोही हुतात्म्याच्या फोटोखाली. टीप संवादाच्या आतच बसवायची काही युक्ती सापडली तर सांगा, मी पहिला वाचेन.