मदत हवी आहे : अमेरिकेत सरकारी नोकरीचं प्रोबेशन संपताना लेखी प्रमाणपत्र कसं मिळतं?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण अमेरिकेच्या संरक्षण खात्यात सिव्हिलियन इंजिनिअर आहे. पुढच्या महिन्यात तिचं वर्ष पूर्ण होतंय. त्या खात्यात पूर्वी दोन वर्षांचं प्रोबेशन होतं. ३१ डिसेंबर २०२२ पासून नव्याने लागलेल्यांना ते एकच वर्ष झालं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

पण २४ एप्रिल २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सगळंच उलटं झालंय. आधी मुदत संपली की माणूस आपोआप कायम व्हायचा. आता हिला ठेवणं जनहिताचं आहे असं खात्याने लेखी दिलं नाही, तर नोकरी आपोआप संपते! कामात खोट नसली तरी. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

साहेब तोंडी म्हणतात, "काम उत्तम आहे." कागद मात्र अजून नाही. बिचारीला झोप नाही.

यातून गेलेलं कुणी आहे का इथे? प्रमाणपत्र मुदतीच्या किती दिवस आधी हातात आलं? साहेबांना स्वतःहून ईमेल करावा, की थेट एचआरला? आणि नंतर एसएफ-५० वर (नेमणूक, बढती अशा बदलांची नोंद असलेला सरकारी नोकरीचा अधिकृत कागद) त्याची नोंद दिसते का? कृपया लवकर सांगा.