मांत्रिकाचं मूळ सांगायचं, पण दरारा कसा राखायचा?

येऊरची_वाट:
मोठी अद्भुत कादंबरी लिहितोय. खाडीकाठचं राज्य, मिठागरं, तिवरांचं रान आणि वर आमच्या येऊरसारख्या डोंगरात राहणारा मांत्रिक. त्याचं नाव निघालं की घरोघरी कड्या लागतात. तो असा का झाला, त्याची दोन प्रकरणं झालीत: आई गेली, गावाने हाकललं, गुरूने फसवलं. मासुंदा तलावावर बसून मैत्रिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बिचारा!" मला तो बिचारा नकोय. त्याच्यावरचा अन्याय कळावा, आणि तरी तो दारात उभा राहिला तर अंगावर काटा यावा. कसं साधायचं?

पोथीवाला:
'कथासरित्सागरा'तला गुणाढ्य वाचा. सातवाहन राजाचा पंडित. राजाला व्याकरण शिकवायला 6 वर्षं लागतील म्हणाला; दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा 6 महिन्यांत शिकवतो म्हणाला, तेव्हा तसं झालं तर तिन्ही भाषा सोडेन अशी गुणाढ्याने पैज लावली. शर्ववर्म्याने शिकवलं. पैजेप्रमाणे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडल्या. विंध्याच्या रानात पिशाचांची भाषा शिकला, शाई नव्हती म्हणून 7 लाख श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने ते झिडकारले, तेव्हा एकेक पान जनावरांना वाचून दाखवत आगीत टाकलं. आता हेच दुरून बघा: पिशाचांची बोली, रक्ताची अक्षरं, रानात पेटलेलं कुंड, भोवती चरणं विसरून उभी श्वापदं. अघोरीच वाटणार की! आणि हे सगळं कशापायी, तर दिलेला शब्द पाळला म्हणून. तुमच्या माणसाला दुःखं कमी द्या, असा एखादा हट्ट द्या.

खारीची_लेक:
दादा, खाडी घेतलीच आहे तर खारं पाणी अडवणारा बांधही घ्या. आमच्या आजोबांची घणसोलीला भातशेती होती. पुनवेला-अवसेला उधाण आलं की खेकड्यांनी पोखरलेल्या जागी आधी नुसता ओलावा दिसतो, मग धार लागते, मग खांड जाते, म्हणजे बांधच फुटतो. खारं पाणी शेतात शिरलं की पुढच्या पिकाचीही आशा नाही. तुमच्या मांत्रिकाला तो ओलावा आधी कळतो, म्हणून तो रात्री तिथे जाऊन उभा राहतो. गावाला दिसतं एवढंच, की हा जिथे उभा राहिला तिथे बांध फुटला. त्याला दगड मारून हाकलतात. पुढच्या उधाणालाही त्याला जागा कळते, पण तो डोंगरावरून उतरत नाही. गाव झोपलेलं असतं. मला तरी त्या माणसाची भीती वाटेल.

येऊरची_वाट:
ताई, उधाणाची रात्रच पहिलं प्रकरण करतो. पोथीवाले, पिशाचांची बोली त्याला तिवरांत शिकवतो. ताई, बांधावर रात्री राखणीला कोण असायचं, आणि खांड गेली तर गावाला उठवायचे कसे?