गायीच्या ढेकरानं खरंच हवा तापते का? सात गायींचा गोठा आहे

गोठा_संगमनेर
माझ्याकडे सात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गायी. पाच दुधात, एक गाभण, एक भाकड. रोज ७० लिटरच्या आसपास दूध डेअरीला जातं, घर त्यावरच चालतं. परवा आठवीतल्या मुलीनं शाळेचा प्रकल्प वाचून दाखवला. माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१३ चा अहवाल आहे म्हणे. मग विचारते, "बाबा, आपल्या गंगीमुळे पाऊस बिघडला का?" मला उत्तर देता आलं नाही. एप्रिल-मेमध्ये गायी दुपारभर धापा टाकतात, दूध उतरतं. उन्हाचा मार आम्हीच खायचा आणि दोषही आमच्याच गोठ्याला?
खरं काय ते सांगा. माझ्या हातात काही असेल तर तेही सांगा. चारा म्हणजे उसाचं वाडं, कडबाकुट्टी, सरकी पेंड. भाकड गाय तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही. नऊ महिने झाले.

काळी_माती
मनाला लावून घेऊ नका. गायीच्या ढेकरातला कार्बन गवतातूनच आलेला असतो, कोळशासारखा जमिनीखालून काढलेला नाही. २०२१ मध्ये ग्लासगोला मिथेन, म्हणजे ढेकरातून निघतो तो वायू, कमी करण्याचा जागतिक संकल्प झाला, त्यात भारत सामील झाला नाही. माझ्या मते बरोबरच केलं. दोन-चार जनावरांवर पोट असणाऱ्यावर बोजा नको.

निवृत्त_पशुवैद्यक
भाऊ, मुलीला सांगा की एकट्या गंगीमुळे पाऊस बिघडत नाही. पण प्रश्न खरा आहे, तो झटकू नका. मी तीस वर्षं गोठ्यांतून फिरले आहे.

कोठीपोटातले, म्हणजे गायीच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यात मिथेन तयार होतो आणि बहुतेक सगळा तोंडावाटे बाहेर पडतो. कार्बन गवतातला, हे वरच्या दादांचं म्हणणं बरोबर आहे. पण गवतानं घेतला तो कार्बन डायऑक्साइड, आणि गाय सोडते तो मिथेन. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर किलोला किलो तो सुमारे २७ पट तापवतो. हवेत मात्र साधारण १२ वर्षंच टिकतो, म्हणून आज कमी केला तर फरक तुमच्या मुलीच्या तरुणपणीच दिसेल. त्या १४.५ टक्क्यांतलाही सगळा ढेकराचा नाही. ढेकराचे त्यातले ३९ टक्के, चारा-खाद्य पिकवण्याचे आणि तयार करण्याचे ४५.

आता तुमच्या गोठ्याचं. मला सगळ्यात जास्त खुपली ती तुमची भाकड गाय. नऊ महिने ती खाते, रवंथ करते, मिथेन सोडते आणि थेंबभर दूध नाही. भारतात २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटींवर गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. त्यातले असे रिकामे महिने कमी झाले, तर एकही गाय न विकता लिटरमागचा मिथेन उतरेल. आधी तिची गर्भाशय तपासणी करून घ्या, चौथं रेतन नंतर. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. वाडं निम्मं करा, जोडीला मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) द्या, आणि खनिज मिश्रण रोज, एकही दिवस न चुकवता. खाल्लेल्या ऊर्जेतली सहा टक्क्यांच्या आसपास मिथेन होऊन जाते. ते तुम्ही विकत घेतलेल्या पेंडीचेच पैसे आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय पशु पोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलंय, त्यानं मिथेन १७ ते २० टक्के घटतो. पण आधी रोजचा चारा सुधारा.

शेण कुठे टाकता? पाणी साचलेल्या खड्ड्यात असेल तर तिथूनही मिथेन निघतो.

गोठा_संगमनेर
मॅडम, खड्ड्यातच टाकतो, गोठा धुतल्याचं पाणीही त्यातच जातं. तुमचं उत्तर वाचून काल मुलगी घमेलं काट्यावर ठेवून बसली. सकाळचंच शेण ६२ किलो भरलं. एवढ्यात गोबर गॅस चालेल का?

निवृत्त_पशुवैद्यक
दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो लागतं. चालेल. खड्ड्यात जाणारं धुण्याचं पाणी आजच वेगळं काढा.

गोठा_संगमनेर
चर खणायला घेतोय. भाकडीची तपासणी गुरुवारी आहे, काय निघतं ते इथेच लिहितो.